चादरीचं दुसरं टोक

रविवारी लाँड्री बंद असते असं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, आणि घरातलं कुणीही त्या पाटीकडे पाहत नसे. या रविवारी कामगार सुट्टीवर गेले आणि पाठोपाठ हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. उद्यापासून कसलीशी परिषद, सगळ्या खोल्या भरलेल्या, संध्याकाळच्या आत चादरी हव्यात. नाही म्हणायची सोय नव्हती. हॉस्पिटलचं काम हातचं गेल्यापासून कुणालाच नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

म्हणून जेवणं उरकून सगळं घर जिना उतरून खाली लाँड्रीत आलं, आणि मास्तरीणही आपल्या घरून चालत आली. ती लाँड्री चालवणाऱ्या थोरल्याच्या पाठची बहीण. हायस्कूलमध्ये नोकरीला, त्यामुळे घरात तिला मास्तरीण म्हणायचे. अर्धं कौतुकाने, अर्धं टोमणा म्हणून. गणित-विज्ञान नव्हे, नववी-दहावीच्या मुलांना कामाचं जग दाखवायचं हे तिचं खातं. फोनवर स्वतःची ओळख कशी करून द्यायची, कामाच्या जागी पाय कसा ठेवायचा, चुकलं तर कसं सांगायचं, साहेब ओरडला तर काय करायचं, हे सगळं ती महिनाभर घोकून घ्यायची आणि मग आठवडाभरासाठी मुलांना बेकरीत, गॅरेजमध्ये, छापखान्यात सोडून यायची. उद्या सोमवारी यंदाचा आठवडा सुरू होणार होता. गेला महिना त्यापायी तिची पार दमछाक झाली होती आणि आज तिला खरं म्हणजे फक्त झोपायचं होतं.

आत शिरल्याबरोबर काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं. लांब टेबलाशी थोरला आणि धाकटा, तिचे दोन्ही भाऊ, समोरासमोर चादर धरून उभे होते. रविवारी थोरला नेहमी आपल्या मुलीला जोडीला घ्यायचा. आज बारकी कोपऱ्यात एकटी, टॉवेलांच्या ढिगात मान घालून बसलेली.

या लाँड्रीत एक नियम होता. चादरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याच्याशी भांडायचं नाही. आजोबा आणि त्यांचे भाऊ चादर धरून भांडले तेव्हा ती मधोमध फाटली, आणि भाऊ जे गेले ते परत या दारात आले नाहीत. त्यानंतर आजीने, म्हणजे थोरल्याच्या आईने, हा नियम घातला. रागावलेला हात कापड ओढतो आणि घडी तिरकी येते, एवढंच कारण ती सांगायची. घरातले बाकीचे नियम कुणी ना कुणी मोडले, हा टिकला. त्यामुळे कोण कुणाबरोबर घडी घालतंय एवढं बघितलं की घरातलं हवापाणी कळायचं. थोरल्याने मुलीला टाळलं होतं, म्हणजे त्याला मुलीशी भांडायचं होतं.

मास्तरणीने बाह्या सरसावल्या आणि वहिनीसमोर जाऊन चादर उचलली.

"काय झालंय वहिनी?"

"मला काय विचारता ताई? तुम्हालाच जास्त माहीत."

तेवढ्यात थोरला बोलला. चादरीकडे बघत, म्हणजे धाकट्याला नव्हे, सगळ्या खोलीला.

"काल लांबूचा फोन आला होता."

लांबू पूर्वी इथेच इस्त्रीच्या रोलरवर होता. हायवेजवळ मोठी लाँड्री उघडली तेव्हा सुपरवायझर होऊन तिकडे गेला, आणि मागोमाग हॉस्पिटलचं कामही त्याच रस्त्याने गेलं.

"अभिनंदन करत होता माझं," थोरला म्हणाला. "म्हणे, दादा, पोरगी चुणचुणीत आहे. सोमवारपासून आठवडाभर आमच्याकडे येणार ना, म्हणून साहेबांना भेटायला आली होती. कुणाची, काय, काही बोलली नाही. पण मशीनमधून एक चादर वाकडी पडली, ती तिनं बोलता बोलता उचलली आणि घडी घालून ठेवली. कड उघडी सोडून. मी म्हटलं, अरे, ही घडी तर एकाच घरची!"

बारकीच्या हातातला टॉवेल तिथेच राहिला. शेवटची कड चार बोटं उघडी सोडायची ही आजीची युक्ती. हॉस्पिटलचं काम नवीन आलं तेव्हाची. नर्सचा एक हात नेहमी पेशंटला धरलेला असतो. दुसऱ्या हाताने कड धरून झटका दिला की चादर उलगडली पाहिजे. आता हॉस्पिटल राहिलं नव्हतं, पण घडी राहिली होती. बारकीने तिथे बापाचं नाव सांगितलं नव्हतं, आडनावही पुटपुटूनच सांगितलं होतं. तोंडावर तिचा ताबा होता. हातांचं तिच्या लक्षातच आलं नाही.

"तुला ठाऊक होतं?" थोरल्याने बहिणीला विचारलं.

"मीच पाठवतेय," मास्तरीण म्हणाली.

*

आदल्या रात्रभर थोरल्याला झोप नव्हती. बहिणीने निदान आढेवेढे घ्यावेत, मग आपण आवाज चढवावा, असं त्याने मनात रचून ठेवलं होतं. तिने सरळच सांगून टाकलं, त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

"इथे का नाही?" तो म्हणाला. "आपली लाँड्री काय मेली आहे?"

"शाळेचा नियम आहे दादा. आपल्या माणसांच्या जागी मुलांना पाठवत नाही. तिथे कुणी काम सांगत नाही, कुणी चूक दाखवत नाही. मूल पाहुणा होऊन बसतं."

"नियम कुणी केला?"

"मी."

"वा! मग बेकरीत पाठवायचं होतं. माझ्या पोटावर पाय दिला त्यांचंच दार सापडलं तुला?"

"तिनं मागितलं. मुलं मागतात ते द्यायचं, हाही माझाच नियम."

"हो, सगळे नियम तुझेच. लोकांची पोरं मार्गाला लावता लावता आता माझी पोरगी..."

"दादा, जरा सरळ धर की," धाकटा कळवळला. तो डिलिव्हरीची गाडी चालवायचा आणि घरात कुणाचीच बाजू घेत नसे, कारण त्याला सगळ्यांकडूनच पेट्रोल भरून घ्यायचं असे. "तू भांडतोयस तिच्याशी आणि हिसके मला बसतायत."

मास्तरणीने हातातली चादर टेबलावर ठेवली. शांतपणे चालत आली, धाकट्याच्या हातून टोक घेतलं आणि भावासमोर उभी राहिली.

"हं. आता बोल."

लहानपणीही ती हेच करायची. हरायला लागली की पळत येऊन चादर धरायची. आणि आईच्या देखत तिच्यावर ओरडणं मग बंद. त्याने आईकडे पाहिलं. आजी उशांच्या अभ्र्यांच्या ढिगामागे खुर्चीत बसली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते, पण कान नव्हते.

त्याने चादर सोडून दिली.

पांढरीशुभ्र, नुकती रोलरमधून निघालेली चादर फरशीवरच्या ओलीत पडली. या घरात माणसं पडली होती, शिडी पडली होती, एकदा पाण्याची अख्खी टाकी पडली होती. धुतलेली चादर पडली नव्हती.

तो वळला आणि रोलरपाशी गेला. पट्टा सकाळपासून जरा करकरत होता. त्याने पाना घेतला, उगाचच एक नट सैल केला, पट्ट्यावर बोट ठेवून ताण पाहिला, परत आवळला. करकर थांबली. त्याच्या कपाळावरची शीरही जरा बसली. चादरींच्या ढिगाकडे पाहिलं की त्याला थकवा यायचा, गेली कित्येक वर्षं. यंत्राशी उभा राहिला की नाही यायचा. यात काही विचार करण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

*

पडलेली चादर वहिनीने, घरच्या थोरल्या सुनेने, उचलली. अशा वेळी उचलायचं काम तिच्याकडे आपोआप येतं, हे तिने कधीच ओळखून ठेवलं होतं. मग टेबलावर मास्तरणीने घातलेल्या दोन घड्या उचलल्या, मुकाट्याने उलगडल्या आणि परत घातल्या. मास्तरणीच्या घडीची कड नेहमी बंदच यायची. आजीची युक्ती निघाली तोवर ती शिकायला दुसऱ्या गावी गेलेली. तिला माहीत होती, हाताला माहीत नव्हती. वर्षानुवर्षं ती रविवारी मदतीला यायची आणि सून तिच्या पाठीमागे घड्या दुरुस्त करायची. माहेरी आलेल्या नणंदेला कोण सांगणार की तुमचं चुकतंय?

आजवर सून मनातून नणंदेच्या बाजूला होती. तिची बोटं सोड्याने चिरलेली, थंडीत भेगांतून रक्त यायचं, आणि मुलीची बोटं अशी होऊ नयेत एवढीच तिची एक इच्छा. मास्तरीण पोरीला या वाफेतून बाहेर काढेल, कुठेतरी पंख्याखाली बसवेल, असं धरून ती चालली होती.

"ताई, एक सांगा," ती म्हणाली. "जगात एवढी कामं आहेत. तुम्ही शाळेत त्यांना सगळी दाखवता. आणि माझ्या पोरीला दुसरी लाँड्रीच दाखवायची होती?"

"वहिनी, मी कुठे..."

"मला वाटलं होतं तुम्ही तिला यातून काढाल. तुम्ही एका भट्टीतून उचलून दुसरीत टाकताय." तिने ओली चादर मशीनमध्ये कोंबली. "यांचं म्हणणं बरोबर आहे."

थोरल्याने पान्यावरून मान वर केली. बायको आपलं म्हणणं बरोबर आहे असं चारचौघांत म्हणते आहे, या धक्क्याने तो राग क्षणभर विसरला. वास्तविक तिचं म्हणणं त्याच्या म्हणण्याच्या बरोबर उलट होतं. तो म्हणत होता मुलीने इथे यावं, ती म्हणत होती मुलीने कुठल्याच लाँड्रीत जाऊ नये. पण अशा वेळी हिशेब कोण करतो? मास्तरीण एकटी पडली होती.

"मी सांगू का?" कोपऱ्यातून आवाज आला.

बारकी उभी राहिली होती. महिनाभर वर्गात आत्याने घोकून घेतलं होतं तसं: सरळ उभं राहायचं, समोरच्याकडे बघायचं, पहिलं वाक्य तयार ठेवायचं. पहिलं वाक्य तयार होतं, पण ते साहेबासाठी होतं. बापासाठी तयारी कुणी करून घेतली नव्हती.

"आत्यानं मला बेकरी सांगितली होती. चष्म्याचं दुकान सांगितलं होतं. मीच नको म्हटलं." तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "मला इथं आवडतं. गरम चादरीचा वास आवडतो. पण इथं आजी आहे, तुम्ही आहात, काका गाडीतून फिरवतो. मग मला हे काम आवडतं की घर आवडतं, ते मला कळतच नाही. तिथं माझं कुणी नाही. तिथं पण आवडलं, तर मग काम आवडतं."

धुलाईच्या मशीनने पाणी भरून घेतलं आणि फिरायला सुरुवात केली. तिची आई खाली बसली आणि तिने टॉवेल पुढे ओढले.

"आई," थोरला म्हणाला, "तू काहीतरी बोल. तू सांगशील तसं होईल."

*

आजीने डोळे उघडले. गुडघे ठणकत होते. अभ्रे संपत नव्हते. या खोलीत गेलेलं आयुष्य एखाद्या धुवून-धुवून विरलेल्या अभ्र्यासारखं झालं होतं, आरपार दिसायचं. तिला आरपार दिसत होतं की ही सगळी माणसं तिच्याकडे तोंड करून उभी आहेत, आणि तिला त्यांच्यासाठी काहीही ठरवायचं नाही.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं. ही तेव्हा बारकीएवढीच होती." तिने मास्तरणीकडे हनुवटी उडवली. "शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि टेबलाशी उभी. उठवलं तरी उठायची नाही. मी म्हटलं, पोरीचे हात नासतील, हिला शिकायला लांब धाडा. धाडली. आणि हा मोटारी उघडून बसायचा, वायरी गुंडाळायचा. त्याला पकडून आणला, या टेबलाशी उभा केला. का? तर थोरला. विचारलं का कुणाला? नाही. वेळ कुठे होता? चादरी पडल्या होत्या."

थोरला पान्याकडे बघत राहिला. मास्तरीण खिडकीतून बाहेर बघत होती, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"दोघंही जन्मभर माझ्यावर रुसून आहात. कुणी बोलला नाहीत, पण मला काय घड्या कळत नाहीत?" आजीने अभ्रा उचलला. "आता मी काही सांगायची नाही. मी दमले."

एवढं बोलून तिने खरोखरच डोळे मिटले. या वेळी कानसुद्धा.

धाकट्याने घड्याळाकडे पाहिलं. "कोण बरोबर, कोण चूक, ते ठरवा निवांत," तो हळूच म्हणाला. "पण मला गाडी भरायची आहे."

चादरी होत्याच. त्यांना या घरातल्या कशाचंच काही नव्हतं. सून टॉवेल घेऊन बसली होती, धाकटा गाठोडी बांधायला लागला, आणि टेबलाशी बारकी एक चादर घेऊन उभी राहिली. दोन्ही कोपरे तिच्याच हातात, बाकीची चादर टेबलावरून लोंबत. दुसरं टोक कुणी धरेल म्हणून ती थांबली. कुणाकडे तिने पाहिलं नाही.

थोरल्याने पाना जागेवर ठेवला. हात पुसले, परत पुसले. मग आला आणि दुसरं टोक उचललं.

दोघांनी चादर ताणली. एकदा झटकली. तो पुढे आला, ती पुढे आली, कोपरे जुळले. तिच्या बोटांना त्याच्या बोटांचा स्पर्श झाला आणि तो परत मागे गेला. अशा दोन चादरी झाल्या. तिसरीला तो म्हणाला, "तिथे जमीन ओली असते. चपला घालून जाऊ नकोस. बूट घाल."

"हो."

"लांबू काही देऊ लागला तर घेऊ नकोस. आणि त्यांचा रोलर कुठल्या बनावटीचा आहे बघून ये."

"हो." मग नियमाचा तिने पुरता फायदा घेतला. "बाबा, मला तिथलंच आवडलं तर? इथे नाहीच आले तर?"

चादर एकदम ताठ झाली. तिच्या मुठीतून निसटणार इतकी.

"ओढताय तुम्ही."

"नाही ओढत." त्याने हात सैल सोडले. "आवडलं तर तिथे जा. मी काय करणार?"

"मग इथे दुसरं टोक कोण धरेल?"

या प्रश्नाचं उत्तर थोरल्याने आजवर कधी शोधलं नव्हतं, कारण उत्तर समोर उभं आहे असंच तो समजत होता. त्याने मान वळवली. मास्तरीण अजून खिडकीशीच होती. पाठ थोडी वाकलेली, केसांच्या मुळाशी पांढरं.

"तू येतेस का?" तो म्हणाला.

"कुठे?"

"इथे. रविवारची मदतीला नाही, कायमची. तुला यायचं होतं ना तेव्हा?" तो अडखळला. "मला माहीत होतं. मी बोललो नाही. आता विचारतोय."

*

वर्षानुवर्षं मास्तरीण हा प्रश्न लोकांच्या मुलांना विचारत आली होती. वर्गात, व्हरांड्यात, पालकांसमोर, गुडघ्यावर बसून, कधी चिडून. तुला काय करायचंय? तुला. आईला नाही, बाबांना नाही. मुलं खांदे उडवायची तेव्हा तिला त्यांचा राग यायचा. आपल्याला हे कुणी विचारलं असतं तर उत्तर जिभेवरच होतं, असं तिला वाटत आलं होतं. विचारलं कुणी नाही, एवढंच.

आता विचारलं होतं, आणि जिभेवर काहीच नव्हतं.

तिने टेबलाकडे पाहिलं. वाफेने ओलसर झालेल्या भिंती, सोड्याचे डबे, वहिनीची बोटं. स्वतःचे गुडघे आठवले. उद्या सकाळी फाटकापाशी उभी राहणारी मुलं आठवली, आयत्या वेळी पोटात दुखतंय म्हणणारी. शाळा सोडायची? तिला तीही आवडायची का, हेही तिला नक्की सांगता येईना. नुसती दमलेली होती की कंटाळलेली? फार दिवसांत तिने स्वतःला काही विचारलंच नव्हतं. तिला आपल्याच वर्गातल्या खांदे उडवणाऱ्या सगळ्या पोरांची एकदम माया आली.

"मला माहीत नाही दादा," ती म्हणाली. मग जे मुलांना सांगायची तेच तिच्या तोंडून निघालं. "सुट्टी लागली की एक आठवडा येऊन बघते. मग सांगते."

"आपल्या माणसांच्या जागी पाठवत नाही ना तुमची शाळा?" गाठोड्याआडून धाकटा म्हणाला.

बारकीला हसू फुटलं. तिच्या आईलाही, मनात नसताना. मास्तरीण डोळे पुसत हसली, आणि खुर्चीतून, मिटल्या डोळ्यांनी, आजी म्हणाली, "येऊ दे. पण पाहुणी म्हणून नाही."

बारकीने आपलं टोक आत्याच्या हातात दिलं आणि ती टॉवेलांकडे गेली. भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहिले. ताणली, झटकली, तो पुढे आला, ती पुढे आली. शेवटची घडी मास्तरणीने घातली, तळहाताने नीट दाबली आणि चादर ढिगावर ठेवली. वहिनीचा हात सवयीने पुढे झाला.

"राहू दे," थोरला बायकोला म्हणाला. मग त्याने ती चादर ढिगावरून उचलली आणि बहिणीसमोर परत टेबलावर ठेवली.

"चुकलं. कड बंद आली आहे. परत घाल."

इतक्या वर्षांत या खोलीत मास्तरणीला कुणीही असं म्हटलं नव्हतं. तिने निमूटपणे चादर उलगडली, एक टोक भावाकडे फेकलं आणि पहिल्यापासून घडी घालायला घेतली.